रात्री पावणेतीनला ‘वाचलं, जागा हाय’ म्हणणारा ग्रुप : सात महिन्यांचा अनुभव

मनाच्या दुखण्यात एकमेकांना आधार द्यायच्या एका मोबाईलवरच्या ग्रुपाबद्दल लिहायलेय, पण आधीच सांगते, ग्रुपचं नाव लिहिणार नाहीये. नाव आणि लिंक उघड्यावर टाकायची नाही असा तिथला नियमच आहे, आणि तो किती बरोबर आहे ते मला आधी एकदा ठेच लागून कळलंय. मग नाव न सांगता रिव्ह्यू कशाला? तर गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चौघीजणींनी वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "तू त्या मोबाईलवरच्या ग्रुपात हायेस म्हणं, त्यानं खरंच फरक पडतो का गं?" चौघींना फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं, तरी प्रत्येकीला काही ना काही सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढायलेय.

मी केजची. घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, नवरा एका दुकानावर कामाला आहे, लेकरं दोन. गेल्या वर्षी लग्नसराईचं काम अंगावर असताना एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, आता मी मरते असंच वाटलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, मग टूडी इको, मग थायरॉईड, सगळं नॉर्मल. "तुम्हाला काहीच झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. पुढच्या दोन महिन्यांत असं सहा वेळा झालं आणि सहाही वेळा हेच वाक्य ऐकलं. काहीच झालेलं नाही म्हणल्यावर बरं वाटायला पाहिजे ना, पण मला उलट जास्त भीती वाटायची, की हे सगळं मी मुद्दाम करायलेय असं घरच्यांना वाटलं तर? शेवटी गल्लीतल्या एका मॅडमनी सांगितलं की अंबाजोगाईला स्वारातीमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी असते, तिथं जा. तोंडाला स्कार्फ बांधून गेले, केसपेपर काढताना कुठला विभाग ते हळू आवाजात सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला नाव दिलं, पॅनिक अटॅक, आणि समजावून सांगितलं की शरीराचा धोक्याचा भोंगा कारण नसताना वाजायलाय, धडधड दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते, यानं जीव जात नाही. गोळ्या सुरू झाल्या.

पण गोळी घेतली तरी रात्र काढायची असतेच. नवरा दिवसभर उभं राहून आलेला, त्याला रोज किती उठवायचं.

तेव्हा एका ओळखीच्या बाईनं मला व्हॉट्सअॅपवरच्या एका ग्रुपात घेतलं. हा पहिला ग्रुप, वर म्हणलेला तो नाही. सकाळी साडेपाचपासून सुविचार, फुलांचे फोटो, ‘हसत राहा’, ‘सकारात्मक राहा’. कुणी मनातलं लिहिलं की खाली अकरा हात जोडलेले आणि आठ अंगठे. मी एकदाच लिहिलं होतं की आज दोन वेळा अटॅक आला, स्वयंपाकपण झाला नाही माझ्याकडून. त्यावर काय आलं तर ‘अहो ताई, लोकांना दोन वेळचं मिळत नाही, आपण किती सुखी’, मग ‘योगा करा’, मग ‘खंबीर व्हा’, मग ‘कुलदैवताचं काही राहिलंय का बघा’, आणि एकानं कसल्यातरी चूर्णाच्या डबीचा फोटो आणि खाली फोन नंबर. त्यातलं कुणी वाईट होतं असं मी म्हणत नाही, चूर्णवाला सोडला तर सगळे मनापासूनच लिहीत असतील. पण मला प्रत्येक मेसेज वाचून असंच वाटलं की हे मला गप्प बस म्हणायलेत, फक्त गोड शब्दांत.

आणि आठ दिवसांनी जाऊबाई म्हणल्या, "तुम्हाला अटॅक येतात म्हणं, स्वयंपाक होत नाही म्हणं." माझाच मेसेज, माझ्या नंबरासकट, फोटो होऊन फिरत फिरत आमच्याच घरात आला होता. तालुक्याच्या गावात कोण कुणाचं पाव्हणं निघंल काही सांगता येत नाही. त्या दिवशी ग्रुपातनं बाहेर पडले आणि पुढं दोन महिने कुणालाच काही सांगितलं नाही, डॉक्टरांनासुद्धा ‘बरंय’ एवढंच सांगायचे.

आता या दुसऱ्या ग्रुपाकडं येते. याचं मला ओपीडीतल्या समुपदेशक मॅडमकडून कळलं. टेलिग्रामवर आहे, आणि त्याचं कारणपण मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, इथं सेटिंगमध्ये जाऊन आपला नंबर लपवता येतो आणि नाव कुठलंही ठेवता येतं. मी ‘सुईदोरा’ ठेवलंय. मेसेज फॉरवर्ड होत नाही, ॲडमिननी ते बंद करून ठेवलंय. दुसऱ्या मोबाईलनं कुणी फोटो काढला तर त्याला काही इलाज नाही, आणि हेसुद्धा त्यांनी आपणहून सांगितलं, ‘शंभर टक्के गुप्त’ असलं काही म्हणाले नाहीत. मला तिथंच विश्वास बसला.

आत घ्यायच्या आधी एका ताईंचा फोन आला, वीसेक मिनिटं बोलल्या. उपचार चालू आहे का, घरी कोण कोण आहे, मोबाईल तुमचा एकटीचा आहे का घरात सगळे वापरतात (हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता, माझा पोरगा गेम खेळायला घ्यायचा), आणि कधी फारच वाईट वाटलं तर आम्ही कुणाला फोन केलेला चालेल, एक नाव आणि नंबर द्या. मी धाकट्या बहिणीचा दिला. फी काही नाही.

नियम चारपाचच आहेत. गोळीचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही. सुविचार, फॉरवर्ड, विक्री बंद. बोलताना ‘तुम्ही असं करा’ म्हणायचं नाही, ‘माझ्याबाबतीत असं झालं’ असं म्हणायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे आपला मेसेज सुरू करताना दोनपैकी एक लिहायचं, ‘फक्त ऐका’ नाहीतर ‘सांगा’. फक्त ऐका लिहिलं असंल तर कुणी सल्ला द्यायचा नाही म्हणजे नाही, कितीही जिभेवर आला तरी. सांगा लिहिलं असंल तर मात्र ज्याला माहितीय त्यानं सांगायचं.

मला सुरुवातीला हे शाळेतल्यासारखं वाटलं. पण वापरायला लागले तेव्हा कळलं की नुसतं ते दोन शब्द टाईप करायलासुद्धा आपल्याला आधी स्वतःला विचारावं लागतं, की बाई, तुला आत्ता नेमकं काय पाहिजे. मला आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं आणि मीपण विचारलं नव्हतं.

डिसेंबरातली एक रात्र सांगते, म्हणजे बाकी सगळं समजंल. घरात सगळे झोपलेले, मी देवघरासमोर फरशीवर बसलेली, पावणेतीन वाजलेले. टाईप केलं, ‘फक्त ऐका. धडधड व्हायलीय. हात गार पडलेत. लेकरं आत झोपलीत, उठवायचं नाहीये.’ पाठवलं आणि वाटलं, एवढ्या रात्री कोण बघतंय. एक मिनिट झालं नसंल, खाली आलं, ‘वाचलं अक्का. जागा हाय.’ मग त्याचाच बारा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, आवाज बारीक करून कानाला लावला. "मी दारं धरायलोय, हरभऱ्याला पाणी सोडलंय. लाईट रात्रीची हाय ह्या आठवड्यात. बोला नायतर बोलू नका, मी हितंच हाय." मागं वाफ्यात पाणी शिरतानाचा आवाज आणि त्याच्या पायाखालचा चिखल, चपक चपक. माझ्या माहेरी शेत होतं, तो आवाज मला ओळखीचा. मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग दोन मिनिटांनी लिहून आलं, ‘दांड फुटलाय, बुजवून येतो. पाच मिनटं. जाऊ नका.’ आणि सहाव्या मिनिटाला, ‘आलो. आता कसं वाटायलंय?’

कमी व्हायली होती. त्याला तसं लिहिलं. मग तो म्हणाला, ‘मला पोटात गोळा यायचा तवा मी एक वाफा भरायला किती येळ लागतो ते बघत बसायचो. मोजायचो.’ तू मोज असं म्हणाला नाही. मी आपली भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोजत बसले, साडेतीनच्या सुमारास डोळा लागला.

मी यावर खूप विचार केलाय. हा माणूस परभणीकडचा कुठलातरी, मला त्याचं खरं नाव माहीत नाही, त्याला माझं नाही. त्यानं ‘घाबरू नका’ म्हणलं नाही. ‘मी कायम तुमच्यासोबत आहे’ म्हणलं नाही, आणि म्हणलं असतं तर मला खरं वाटलंच नसतं, कारण कायम कोण कुणासोबत असतंय? त्यानं जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. वाचलं. जागा आहे. पाच मिनिटं जातो. आलो. जातो म्हणून सांगून गेला आणि परत येऊन आलो म्हणाला. मला त्या रात्री धरून ठेवलं ते या दोन शब्दांनी.

यावरून आईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आसपास किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. मी सहा वर्षांची होते, मला आठवतं ते नुसतं अंगणात झोपणं आणि आईचं रडणं, कारण माझा मामा त्यात गेला. पुढं कितीतरी दिवस गाड्या भरभरून माणसं यायची, खूप चांगली माणसं, धीर देणारी, बोलणारी. आईला त्यातलं एकाचंही बोलणं आठवत नाही. आठवते ती एक अनोळखी म्हातारी, जी भाकरीचं गठुडं घेऊन आली, पत्र्याच्या शेडमध्ये आईच्या शेजारी बसली, तासभर एक शब्द बोलली नाही, आणि उठताना म्हणली, "माय, बाजाराच्या दिवशी येते." आणि बाजाराच्या दिवशी खरंच आली. आई अजून चारच्या आत उठते, कितीही उशिरा झोपली तरी. तिला मी दांड फुटल्याची गोष्ट सांगितली तर म्हणली, "असंच असतंय बघ." त्याच्यावर एक शब्द जास्त बोलली नाही.

असो. ग्रुपाची रविवारी रात्री नऊला ऑडिओवर बैठक असते, त्यात ॲडमिन ताई थोडं शिकवतात. एकदा त्यांनी सांगितलं की १९९२ साली कॅरोलिन कट्रोना आणि ज्युली सुहर या दोघींनी नवराबायको एकमेकांना आधार कसा देतात याचा अभ्यास केला आणि आधाराचे पाच प्रकार मांडले, एक माहितीचा, एक भावनेचा, एक समोरच्याचा मान वाढवणारा, एक ‘तू एकटी नाहीस, आपण इतके जण आहोत’ असा, आणि एक प्रत्यक्ष हातानं मदत करायचा. आणि जी गोष्ट आपल्या हातात नसते तिथं माहितीपेक्षा भावनेचा आधार जास्त लागू पडतो. मी ऐकतानाच मनात पहिला ग्रुप आठवत होते. मला भावनेचं पाहिजे होतं आणि सगळे माहितीचं वाढत होते, म्हणजे पंगतीत पाणी मागावं आणि कुणी भाताची परात घेऊनच उभं राहावं. पण उलटं पण होतं बरं का. एका ताईनं एकदा विचारलं होतं, ‘सांगा. गोळी सुरू करून पाच दिवस झाले, मळमळ व्हायलीय, बंद करू का?’ तिथं ‘वाचलं, जागी आहे’ काय कामाचं? तिथं मी लिहिलं की माझ्याबाबतीत पहिला आठवडा मळमळ झाली, मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि नंतर ती कमी झाली, फरक पडायला तीन आठवडे लागले, तुम्हीपण आधी डॉक्टरांना विचारा. ॲडमिन ताईनं खाली लिहिलं की या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तपण लागतात, आणि मनानं अचानक बंद करायच्या नाहीत. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच आठवड्यात चार दिवस गोळी चुकवली नसती.

‘माझ्याबाबतीत’ म्हणायचा जो नियम आहे तो यांनी शोधलेला नाही, तेही सांगितलं त्यांनी. १९३५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रन गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं, तेव्हापासून दारू सोडणारे बैठकीत स्वतःचंच सांगतात, समोरच्याला उपदेश करत नाहीत. आपल्याकडं हे अवघड जातं, मी खरं सांगते, कारण आपल्यात माया करायची पद्धतच मुळी सल्ला देण्याची आहे. मावशी, आत्या, शेजारीण, सगळ्या ‘असं कर बाई, तसं कर’ म्हणूनच माया करतात. त्यामुळं पहिले दोन आठवडे माझे स्वतःचे तीन मेसेज ॲडमिननी काढले. खाजगीत कळवलं, रागावून नाही, ‘ताई, हे तुमच्या बाजूनं लिहून बघा ना’ एवढंच. परत लिहिलं तर खरंच मेसेज बदलला. ‘तुम्ही सासूचं मनावर घेऊ नका’ असं लिहिलं होतं, त्याचं झालं ‘मला पण सासूबाईंचं एक वाक्य चार दिवस डोक्यातनं जात नव्हतं’. तिकडून उत्तर आलं, ‘कुठलं वाक्य?’ आणि तिथून आमचं बोलणं सुरू झालं, जे पहिल्या वाक्यानं झालंच नसतं.

भाषेचंपण सांगायलाच पाहिजे. इथं कुणी ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘मन लागंना’, ‘जीव घाबरा होतो’, ‘उलघाल व्हायलीय’, ‘डोक्यात मुंग्या’, ‘काही गोड लागंना’ असं लिहितात, आणि ज्याला लिहिता येत नाही तो बोलून पाठवतो. हिंगोलीकडच्या एक मावशी आहेत, कायम व्हॉइसवरच, "माय गं, आज लई उदास हाय, काय सुदरंना" एवढं म्हणून थांबतात. दवाखान्यात गेल्यावर हेच आपण ‘डोकं दुखतं, अंग दुखतं’ करून सांगतो, कारण बाकीचं सांगायची जागा नसते तिथं. इथं ते जसंच्या तसं समजतं, कुणी ‘म्हणजे काय’ असं विचारत नाही.

काही जण काहीच लिहीत नाहीत, आणि त्यांना कुणी बोल म्हणत नाही. माझ्या पाठोपाठ आलेली एक मुलगी चार महिने गप्प होती. मग एक दिवस तिनं लिहिलं, ‘रोज वाचते. वाचून झोपते.’ बास. त्यावर कुणी फुलं उधळली नाहीत, ‘अरे वा बोललीस’ केलं नाही, तिघाचौघांनी ‘वाचलं’ एवढंच टाकलं. मला ते लई आवडलं.

फेब्रुवारीत एक गोष्ट झाली ती सांगू का नको असं वाटत होतं, पण ग्रुप कसा आहे ते त्यावरूनच कळतं, आणि त्या मुलाची परवानगी आहे. संभाजीनगरला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एकजण. संध्याकाळी त्यानं लिहिलं की आता सगळं नको वाटायलंय, जगून काय करू. आम्ही दोघीतिघींनी ‘वाचलं, इथंच आहोत’ लिहिलं आणि तेवढ्यात ॲडमिन ताईचा मेसेज, ‘दादा, मी आत्ता तुला फोन करतेय, उचल.’ आणि बाकीच्यांना, ‘कारणं विचारू नका, कसं काय ते विचारू नका, ग्रुपात यावर चर्चा नको.’ नंतर कळलं, ताईनं फोनवर त्याला सरळच विचारलं होतं की जीव द्यायचा विचार येतोय का. मला आधी वाटायचं असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलं तरी येईल. तसं होत नाही, विचारल्यानं उलट माणूस मोकळा होतो, हे त्यांनी नंतरच्या रविवारी समजावलं. आत घेताना त्यानं रूममेटचा नंबर दिलेला होता, त्याला फोन लावला, तो त्याच्याजवळ बसून राहिला, टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावून दिला, दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन दवाखान्यात घेऊन गेला. आता तो बरा आहे, अधूनमधून लिहितो, अभ्यासाचं कमी आणि मेसच्या भाजीचं जास्त.

त्या आठवड्यात दोघांनी विचारलं होतं की असं लिहिलं तर पोलीस केस होते का. गावाकडं ही भीती खूप आहे, म्हणून इथं लिहिते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू झालाय, त्याच्या कलम ११५ मध्ये म्हणलंय की ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो मोठ्या तणावाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची. भीतीपोटी लपवू नका, कुणाचंच.

टेलि-मानसचा नंबर १४४१६. सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी स्वतः जानेवारीत एकदा केला होता. फोनवरच्या ताईंनी माझं बोलणं मध्ये तोडलं नाही, आणि शेवटी जवळच्या ओपीडीचं विचारलं, मी चालू आहे म्हणलं. ग्रुप आणि हे यातलं एकच निवडा असं काही नाही, दोन्ही पाहिजे.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. रात्री बारा ते सकाळी सहा ॲडमिन नसतात, हे ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहितात, म्हणजे फसवत नाहीत, पण सगळ्यात अवघड वेळ तीच असते ना. तेव्हा कोण जागं आहे त्याच्यावर सगळं. माझ्या नशिबानं त्या आठवड्यात परभणीची लाईट रात्रीची होती, दिवसाची असती तर? रविवारच्या बैठकीत गडीमाणसं जास्त बोलतात, आम्ही बायका नऊ वाजता भांडी घासत असतो, हातात फोन घेऊन बसणं कुणाला जमतं. बैठक दुपारी ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलंय, अजून झालेलं नाही. काहीजण पाच पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतात, ते ऐकायला जिवावर येतं, पण ज्याचं दुःख आहे त्याला थोडक्यात बोल कसं म्हणणार, यावर मला उत्तर सापडलेलं नाही. रेंज गेली की बैठक तुटते.

आणि एक, जे ग्रुपाचं नाही माझंच आहे पण सांगायला पाहिजे. जानेवारीत मी दिवसातून कितीदा फोन उघडायले ते मला कळंनाच. ब्लाऊजची बाही उलटी शिवली एका गिऱ्हाइकाची, कारण डोळा सारखा फोनकडं. दुसऱ्याच्या दुःखाचे मेसेज वाचून वाचून माझी धडधड परत वाढायली. ॲडमिन ताईला लिहिलं तर त्या म्हणाल्या, शनिवारी ग्रुप म्यूट करा, आणि उत्तर द्यायचं बंधन कुणावरच नाही. त्यांनीच फ्रँक रिसमन म्हणून एका अभ्यासकाचं सांगितलं, त्यानं १९६५ मध्ये मांडलं होतं की जो मदत करतो त्यालाही त्या मदतीचा गुण येतो. हे मला पटतं, मळमळवाल्या ताईला उत्तर दिलं त्या दिवशी मला स्वतःला कितीतरी बरं वाटलं होतं, सहा महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामाची आहे असं वाटलं. पण औषध म्हणलं की त्याचाही डोस असणारच. आता शनिवार बंद, आणि रात्री अकरानंतर मला स्वतःला गरज असंल तरच उघडते.

गोळ्या चालू आहेत, ओपीडी दर महिन्याला. ग्रुपानं आजार बरा केला असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका. शेवटचा मोठा अटॅक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आला होता. पाचपैकी चार देते. एक कापला तो रात्रीच्या वेळेचा आणि दुपारच्या बैठकीचा.

तुम्ही दुसऱ्या कुठल्या ग्रुपात जायचं म्हणत असाल तर आत जायच्या आधी विचारा, नंबर दिसतो का, घ्यायच्या आधी कुणी बोलतं का, कुणी जीव द्यायचं लिहिलं तर तुम्ही काय करता, आणि गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचं काय करता. ज्याला या चार गोष्टींचं उत्तर पटकन देता येत नाही तिथं आपलं मन उघडं करू नका. आणि लिंक माझ्याकडं मागू नका, कितीही जवळच्या असलात तरी देणार नाही. डॉक्टरांना नाहीतर समुपदेशक मॅडमना विचारा, त्या देतील, आणि आधी तो वीस मिनिटांचा फोन येईल, तो टाळू नका. मोबाईल पोराच्या हातात असंल तर फोन घ्यायच्या आधी काढून घ्या.